बिनपट्टीचं पदक

“मी येणार नाही. दरवर्षी मागच्या रांगेत बसून लोकांची टकलं बघायचा मला कंटाळा आलाय,” असं म्हणत बायकोने नवऱ्याच्या कोटावर पदक टाचलं, आणि चपला घालून त्याच्या आधी दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

नवरा पाववाला होता. उमेदीची वर्षं त्याने सैन्यात भट्टीपुढे काढली होती, निवृत्तीनंतर गल्लीच्या तोंडाशी बेकरी टाकली होती, पण दोन्हीकडे मिळून सोसली नसेल एवढी आच त्याने त्या पदकापायी घरात सोसली होती. पदक खरं होतं. लढाईच्या काळात सैन्यात असलेल्या प्रत्येकाला ते मिळालं होतं, स्वयंपाक्यांना, धोब्यांना, गाड्या दुरुस्त करणाऱ्यांनासुद्धा. मात्र जे प्रत्यक्ष आघाडी ओलांडून गेले, त्यांच्या रिबिनीवर एक आडवी पितळी पट्टी होती. नखाएवढी. दरवर्षीच्या समारंभात पुढे गादीच्या खुर्चीवर कोण बसणार आणि मागे पत्र्याच्या खुर्चीवर कोण, हे ती नखाएवढी पट्टी ठरवायची.

पाववाल्याची रिबीन कोरी होती आणि बायकोच्या सख्ख्या भावाच्या रिबिनीवर पट्टी होती. खरं दुखणं तेच.

भाऊ सैन्यात ट्रक चालवायचा. एका पहाटे धुक्यातून पावांचा ट्रक घेऊन तो थेट शत्रूच्या हद्दीत घुसला, त्यांचं ठाणं डोळ्यांनी पाहून आला आणि ट्रक सुखरूप परत आणला, अशी ती प्रसिद्ध हकिगत. ट्रकच्या मागच्या बाजूला पाववालाही होता, पण तो म्हणे झोपला होता. साहेबांपुढे त्याने स्वतःच तसं सांगितलं. झोपलेल्या माणसाने आघाडी ओलांडली असं धरता येत नाही, असा साहेबांनी निकाल दिला. ड्रायव्हरला पट्टी मिळाली. पाववाल्याला कोरं पदक मिळालं, आणि पुढच्याच वर्षी ड्रायव्हरची बहीण. हे स्थळ एवढ्या घाईने का जमवलं गेलं, ते बहिणीला कधी कळलं नाही.

तेव्हापासून पाववाला दुपारी जरा आडवा झाला की, “झोपा, झोपा. शत्रू आला की उठवते,” हे ठरलेलं. मुलीच्या लग्नात व्याह्यांनाही ती गोष्ट ऐकवून झाली होती. पाववाला हसून घ्यायचा. तोंड उघडणार नाही, असा त्याने ड्रायव्हरला शब्द दिला होता. तो शब्द मोडावा असं त्याला अधूनमधून फार वाटायचं, विशेषतः बायको पाहुण्यांना वाढता वाढता ती गोष्ट सांगत असताना.

सभागृहात पोचल्यावर कळलं, यंदा मागची रांगही नाही.

“खुर्च्या कमी आल्यात, काका,” छातीवर बिल्ला लावलेला तरुण कार्यवाह म्हणाला. “पट्टीवाले आणि त्यांच्या घरचे आधी. तुम्ही जरा भिंतीला टेकून उभे राहा. भाषणं छोटीच आहेत.”

“इथे कधी छोटं भाषण झालंय का रे?” बायको म्हणाली.

“निदान एक स्टूल तरी द्या. हिचा गुडघा दुखतो,” पाववाला म्हणाला.

“बघतो,” असं म्हणून कार्यवाह जो गेला तो गेलाच. पुढच्या रांगेतल्या गादीवरून वहिनींनी, म्हणजे ड्रायव्हरच्या बायकोने, मान वळवून “अगं, ये ना इकडे!” असा हात केला. शेजारच्या खुर्चीवर त्यांची पर्स होती, ती मात्र त्यांनी उचलली नाही. बायकोने पाववाल्याचा दंड घट्ट धरला आणि भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतला.

ड्रायव्हर बोलायला उठला. मिशा काळ्याभोर, कलप ताजा. धुकं झालं, खड्डे झाले, इंजिनाची घरघरही तोंडाने काढून झाली. मग तो नेहमीच्या जागेवर आला.

“आणि मागे आमचे भावोजी...”

लोक आतापासूनच हसायला लागले. ड्रायव्हरने हात लांबवून भावोजींकडे दाखवलं, आणि त्याला भिंतीशी उभी असलेली बहीण दिसली. तिचा पाय दिसला. तो थांबला.

“झोपले होते!” पुढून कुणीतरी आठवण करून दिली.

“नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “झोपलो होतो मी.”

सभागृह खदखदलं.

“अहो, खरं सांगतोय! स्टिअरिंगवर डुलकी लागली, फाटा चुकला. जाग आली तर समोर सैनिक. मला वाटलं, आपलेच. धुक्यात सगळे चिखलाच्या रंगाचे. यांनाही तेच वाटलं. यांनी मागचा पडदा वर केला, रांग लावली आणि पाव वाटायला घेतले. गरमागरम. शत्रूला!”

लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले.

“उजाडलं तसं टोपीवरचं चिन्ह दिसलं. समोर एक कोवळं पोर होतं. त्यालाही आमचं चिन्ह दिसलं. एका हातात बंदूक, एका हातात पाव. मी गाडीखाली.”

“मग?”

“मग काय! यांनी त्याला अजून एक पाव दिला. ते पोर म्हणालं, जा. आम्ही रिव्हर्समध्ये निघालो ते आपलं ठाणं येईपर्यंत.”

“आणि पाव कमी कसे, म्हणून साहेबांनी विचारलं असेल ना?” एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला.

“उंदीर,” पाववाला मागून बोलून गेला.

सभागृह कोसळलं. “ही पट्टी यांची आहे, अहो, यांची!” ड्रायव्हर छातीवर बोट आपटत जेवढं ओरडत होता, तेवढ्या टाळ्या वाढत होत्या. “काका, दरवर्षी असंच रंगवा,” कार्यवाह म्हणाला. एकाही माणसाचा विश्वास बसला नाही.

फक्त बायको हसली नाही. ती नवऱ्याच्या कानांकडे बघत होती. ते लालभडक झाले होते. इतक्या वर्षांच्या संसारात खोटं बोलताना त्याचे कान कधी लाल झाले नव्हते. खरं पकडलं गेलं की व्हायचे.

“आणि ते पोर?” तिने हळूच विचारलं.

पाववाला तिच्या कानाशी वाकला. “दुसऱ्या दिवशी आपल्या तोफांनी ते ठाणं उडवलं. ठाणं कुठे आहे ते तुझ्या भावाने सांगितलं होतं. पट्टी त्याबद्दलच मिळाली त्याला.” मग म्हणाला, “मला नकोच होती गं ती.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. झोपेवरून मारलेले सगळे टोमणे तिला एकदम आठवले, आणि त्यातला एकही आता परत घेता येण्यासारखा नव्हता.

तेवढ्यात ड्रायव्हर लोकांना बाजूला सारत आला. वहिनींची पर्स त्याच्या गळ्यात आणि गादीची खुर्ची दोन्ही हातांत. खुर्ची त्याने भिंतीशी ठेवली, बहिणीकडे न बघता “बस” म्हणाला आणि पाववाल्याच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला.

ती बसली. कोरी रिबीन आता तिच्या डोळ्यांसमोर आली होती. जरा तिरकी झाली होती, ती तिने बोटांनी सरळ केली.

“अहो,” ती म्हणाली, “पाव चांगला झाला होता का त्या दिवशी?”

“झाला होता,” पाववाला म्हणाला. “त्या दिवशी छान फुगला होता.”