शिवतेजच्या बुटांची गाठ

‘खरी कमाई’चा आठवडा आला की कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत गळ्यात स्कार्फ घातलेली पोरं दारोदार फिरायला लागायची. स्काउट-गाइडच्या पथकाचा हा जुना रिवाज. कॅम्पच्या खर्चासाठी वर्गणी मागायची नाही. घरोघर काम करायचं आणि त्याचेच पैसे डब्यात घ्यायचे. बायकाही हुशार झाल्या होत्या. दिवाळीत पुसायचे राहिलेले पंखे मुद्दाम या पोरांसाठी राखून ठेवायच्या.

या वर्षी पोरं आपलं दार टाळून पुढं जातील, असं शालनला वाटलं होतं. टाळून गेली असती तरी तिला वाईट वाटलं असतं, आली तरी वाटणारच होतं. म्हणून सकाळपासून ती दार उघडं टाकून बसली होती.

पथकाचे सर म्हणजे तिचाच मुलगा, शिवतेज. सोमवार ते शनिवार महापेच्या एका कंपनीत संगणकापुढं बसायचा आणि रविवारी पोरांना घेऊन मैदानात. पगार नाही, भत्ता नाही. त्याचा बाप, कृष्णात, मार्केटात पोती वाहणारा माणूस. तो म्हणायचा, "आमी पोती उचलतो, तर पैसं मिळत्यात. हा फुकटात पोरं उचलतो." म्हणायचा आणि पथकाच्या कार्यक्रमाला इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या खुर्चीत जाऊन बसायचा.

गेल्या साली कर्जतकडचा कॅम्प आटपून शिवतेज रात्री घरी आला आणि चिखलानं भरलेले बूट त्यानं दारात तसेच, नाड्या न सोडता, टाचेनं ढकलून काढले. शालन बोललीच, "पोरांना गाठी शिकवतुस आन् सोताच्या नाड्या सोडाय येत न्हाईत तुला?"

"उद्या सोडतो गं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चपलेवरच गाडीला किक मारून कामाला गेला. तुर्भ्याच्या पुढं एका ट्रेलरखाली ती गाडी गेली.

मग जे होतं ते सगळं झालं. लोक आले, गेले. त्याचे कपडे नणंद घेऊन गेली, फोन भाच्याला दिला, गादी उन्हात घालून पाहुण्यांना अंथरली. घरात शिवतेजनं हात लावलेलं जे जे होतं, त्याला नंतर दुसऱ्या कुणाचा तरी हात लागला. उरल्या त्या बुटांच्या दोन गाठी. त्यानं बांधलेल्या, त्यानंतर कुणी न सोडलेल्या. शालननं बूट रॅकच्या वरच्या फळीवर ठेवले, वर पिशवी झाकली. कधीमधी दुपारी पिशवी उचलून ती नुसतं बघायची. बोट लावायची नाही. कृष्णातला हे माहीत होतं. तो त्या फळीकडं न बघता चपला घालायचा.

पोरं आली ती दहाच्या सुमाराला. गीतांजली आणि मिथुन, दोघंही शिवतेजच्या हाताखाली तयार झालेली. दारात उभी राहिली आणि बोलेनात.

"या की," शालन म्हणाली. "बोलायचं ते बोला. सरांनी शिकवलं न्हाई व्हय?"

"काकी, काही काम आहे का?" गीतांजली पाठ केल्यासारखं म्हणाली.

"हाय की. काकांची पायताणं हाईत खालच्या फळीवर. दोन जोड. पॉलिश करा चांगली."

"काकांचा लग्नातला बूट पण?" मिथुननं विचारलं.

"लग्नातलाच हाय तो. माझ्या लग्नातला. हळू हाताळ, म्हातारा झालाय."

पोरं हसली. शालनलाही बरं वाटलं. ती आत गेली, कांदा चिरला, पोह्यांना फोडणी दिली. बाहेर ब्रशचा आवाज येत होता आणि पोरं हळू आवाजात काहीतरी बोलत होती. घरात पोरांचा आवाज किती दिवसांनी आला, असं तिच्या मनात आलं आणि ती कढईत जरा जास्तच शेंगदाणे टाकून बसली.

ताटल्या घेऊन बाहेर आली तर दारात तीन जोड मांडलेले.

तिसरा शिवतेजचा. काळाभोर, चकचकीत. कर्जतची लाल माती कुठं औषधाला नव्हती. नाड्या बाजूला, वर्तमानपत्रावर, सुटून लांब पडलेल्या.

"काकी, सरांचे पण केले," गीतांजली म्हणाली. तिच्या गालाला काळं लागलं होतं. "किती घाण होते. सरांना चाललं असतं का? आम्हाला तर बाहेर उभं करायचे."

शालन ताटल्या हातात घेऊनच पुढं आली. "कुणी सांगितलं हुतं सोडायला?"

"अं?"

"नाड्या. कुणी सांगितलं हुतं नाड्या सोडायला?"

पोरीचा चेहरा उतरला. "सरच म्हणायचे," ती चाचरत म्हणाली, "नाड्या न काढता पॉलिश म्हणजे आंघोळ न करता पावडर. खूप घट्ट होत्या, काकी. ओढल्या नाहीत, हळू सोडवल्या. मिथुनला विचारा. परत बांधून देऊ का? तशीच गाठ येते मला, सरांचीच आहे."

येतच असणार. पथकातल्या सगळ्यांना येत असणार. शालननं ताटल्या खाली ठेवल्या.

"नगं," ती म्हणाली. मग पदरानं पोरीच्या गालावरचं काळं पुसायला गेली, ते आणखीच पसरलं. "रडू नगंस. चांगलं केलंस. पोहं खा."

पोरांनी मान खाली घालून पोहे खाल्ले. शालननं पैसे आणले तेव्हा मिथुन म्हणाला, "काकांचेच द्या. सरांचे नको."

"काम केलंस न्हवं? मग घ्यायचं. फुकट घेतलं न्हाई, फुकट दिलं बी न्हाई, आसंच हाय न्हवं तुमचं?" आणि तिनंच डब्यात टाकले.

पोरं शेजारच्या दाराशी गेली. गीतांजलीचा आवाज ऐकू आला, "काकी, काही काम आहे का?" पाठ केल्यासारखाच.

शालन वर्तमानपत्रापाशी खाली बसली. नाड्या मातकट झाल्या होत्या, पण गाठीच्या आत राहिलेला भाग कोरा काळा होता आणि तिथं वळणं अजून शिल्लक होती. इथं आत गेली असेल, इथून वर आली असेल. एक टोक उचलून तिनं त्या वळणावरून दुसरं फिरवून बघितलं. कुठलं वळण आधीचं, कुठलं नंतरचं, कळेना. पुन्हा फिरवलं. तेवढ्यानं एक वळण सैल पडून सरळ झालं.

बाकीची तरी राहावीत म्हणून तिनं हात मागं घेतला.