शेजारची पट्टी

“काळी एक!” काकूंनी ठणकावून सांगितलं, आणि त्यांच्या पाठीमागे कागदावर पेन्सिल खरखरली.

परीक्षेच्या खोलीत त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, वर्गात खोड्या काढणाऱ्या मुलीला बसवतात तशा. मागे पियानो, पियानोशी एक तरुण परीक्षक आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या केसांच्या मोठ्या बाई. परीक्षकानं एखादी पट्टी दाबायची आणि काकूंनी नुसत्या कानानं ती ओळखायची. पांढऱ्या सात, काळ्या पाच. रंग आणि क्रमांक सांगितला की झालं. संगीताच्या पदवीतला हा शेवटचा टप्पा. लेखी पेपर केव्हाच उरकले होते, गाणंही सकाळी झालं होतं. गाताना सूर जरा चढा वाटला होता खरा, पण ते खापर काकूंनी भीतीच्या डोक्यावर फोडलं होतं.

“काळी पाच,” काकू म्हणाल्या. “पांढरी पाच. पांढरी चार.”

उत्तरं कशी फाडफाड येत होती. काकूंना स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. सगळी नोकरी त्यांनी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासण्यात घालवली होती. ‘डावा डोळा झाका, खालची ओळ वाचा.’ आता कानाची तपासणी, आणि तपासून घेणाऱ्या आपण! निवृत्तीनंतर त्यांनी विद्यापीठात नाव घातलं तेव्हा नणंदबाई फोनवर यजमानांना म्हणाल्या होत्या, “या वयात गाऊन तुझी बायको काय दिवे लावणार आहे?” काकू तेव्हा हसल्या होत्या, पण ते वाक्य कुसळासारखं आत राहून गेलं होतं. वर्गातल्या मुलींनी मात्र त्यांना पहिल्या आठवड्यातच ‘काकू’ करून टाकलं आणि पदवीच्या फोटोत मधली जागा त्यांचीच, असं ठरवूनही टाकलं.

तरुण परीक्षक थांबला. त्यानं डोकं खाजवलं आणि कागद मोठ्या बाईंसमोर सरकवला. बाईंनी तो पाहिला, स्वतः उठून आणखी दोन पट्ट्या दाबल्या, काकूंची उत्तरं ऐकली आणि चक्क हसल्या.

“अहो, वळा इकडे. तुम्ही प्रत्येक वेळी शेजारच्या घराचं दार वाजवताय.”

“म्हणजे?”

“मी पांढरी एक दाबली की तुम्ही काळी एक म्हणता. पांढरी तीन दाबली की पांढरी चार. नेमकी उजवीकडची पट्टी, दर वेळी! घरी कशावर सराव करता?”

“कीबोर्डवर.”

“त्याच्या मागे सूर चढवायची-उतरवायची सरकती कळ असते. कुणी हलवली का? एक घर खाली गेली असेल, तर तुम्ही सगळा सराव उतरलेल्या सुरांवर केलात.”

काकूंच्या डोळ्यांसमोर मास्तर उभे राहिले, हातात पिवळं फडकं घेऊन.

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. त्यांनी जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवली, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. काकूंना परीक्षेची सुट्टी लागली त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, “अगं, तू फक्त गा. झाडणं-पुसणं आजपासून माझ्याकडे.” आणि पुसणं म्हणजे कसं? कीबोर्डसुद्धा उलटा करून, मागून, कडेनं, मोटारीचं बॉनेट घासावं तसा. संध्याकाळी काकू स्वयंपाकाला लागल्या की मास्तर बाहेरच्या खोलीत पट्ट्या दाबत, काकू आतून उत्तर देत, आणि मास्तर “बरोबर!” म्हणून ओरडत. सुरुवातीला आठवडाभर काकू सारख्या चुकत होत्या. मग कान रुळला. तो कुठल्या वाटेवर रुळला, ते आता कळलं.

“माझाच हात लागला असेल,” काकू म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी उसासा टाकला. “कान तुमचा चांगला आहे. पण नियमाप्रमाणे चूक ती चूक. एवढा भाग सहा महिन्यांनी पुन्हा द्या. पदवी तेव्हा मिळेल.”

मुलींबरोबरचा फोटो गेला. काकूंना त्याचं फार वाईट वाटलं. त्यांनी नमस्कार केला आणि त्या बाहेर आल्या.

बाहेर बाकावर मास्तर थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. काकूंना बघताच ते ताडकन उठले.

“काय झालं?”

“कानाचं राहिलं. सहा महिन्यांनी पुन्हा.”

“कानाचं? तुझं? शक्यच नाही! कुठं चुकलं?”

सांगायचं काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. रागही आला होता, का येऊ नये? पण मास्तरांचा चेहरा इतका उतरला होता, जणू नापास तेच झाले होते. एकदा एका शिकाऊ मुलीनं गाडी खांबाला घासली, तर आपण ब्रेक उशिरा दाबला म्हणून हा माणूस दोन दिवस धड जेवला नव्हता. या कळीचं कळलं तर सहा महिने उपाशी राहील.

“घाबरले हो,” काकू म्हणाल्या. “चहा द्या आधी.”

घरी आल्यावर मास्तर कपडे बदलायला गेले, तेवढ्यात काकूंनी कीबोर्डच्या मागे हात घालून कळ एक घर वर सरकवली. मग पदर खोचून त्या स्वयंपाकाला लागल्या. पाचच मिनिटांत फोन वाजला. निकाल विचारायला नणंदबाईच होत्या, दुसरं कोण असणार!

“काय म्हणतेस? हिचा कान कच्चा?” बाहेरच्या खोलीत मास्तरांचा आवाज चढला. काकू थबकल्या. थोरल्या बहिणीपुढे मास्तरांचा आवाज चढलेला उभ्या संसारात त्यांनी ऐकला नव्हता. “तिच्या कानाचं मला विचार! रोज संध्याकाळी मी स्वतः परीक्षा घेतलीय. घाबरली बिचारी, बाकी काही नाही. थांब, आत्ता ऐकवतो तुला. अगं ए, ऐकतेस का? सांग ही कुठली!”

पट्टी वाजली.

‘पांढरी चार’ हे उत्तर काकूंच्या जिभेवर तयार होतं. दोन महिन्यांची सवय ती! त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कळ आता जागेवर होती, म्हणजे कानाला जे वाटतंय त्याच्या एक घर डावीकडचं उत्तर द्यायला हवं. बाहेर मास्तर फोन हातात धरून वाट बघत होते, आणि तिकडे नणंदबाई.

“पांढरी तीन,” काकू म्हणाल्या.

“बरोबर!” मास्तर फोनमध्ये गरजले. “ऐकलंस ना अक्का? आता ही ऐक!”

काकूंनी गॅस बारीक केला आणि डोळे मिटून त्या पुढच्या सुराची वाट बघत राहिल्या.