ब्रेक लागला नाही

“अगं, तोंडाला जरा विश्रांती दे ना! सायकल मी चालवतोय, मागून समालोचन कशाला हवंय?”

उड्डाणपुलाच्या चढावर धापा टाकत ड्रायव्हरसाहेब खेकसले आणि मागच्या सीटवरचा आवाज एकदम बंद झाला. ही त्यांची जोडसायकल: पुढे ते, मागे बायको. पायडल दोघांना, पण वळणारं हँडल, गियर आणि ब्रेक फक्त पुढच्याच्या हातात. गेले काही महिने पहाटे घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत बायकोची टकळी चालू असायची. “अगंबाई, डावीकडे केवढा खड्डा!” “तो कुत्रा बघा, भर रस्त्यात कसा पसरलाय मेला!” “ही पांढरी गाडी आता मध्येच थांबणार, लिहून घ्या.” इतके दिवस त्यांनी ते ऐकून घेतलं होतं. आज मात्र झोप धड झाली नव्हती आणि चढ संपत नव्हता. बायको “बरं” म्हणाली आणि गप्प बसली.

सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायची ती काही उगीच नाही. उभी हयात त्यांनी शहरातली बस चालवली आणि बसच्या अंगावर कधी ओरखडा येऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावरही गल्लीत कुणी गाडी मागे घेऊ लागलं, की हे गॅलरीतून हात हलवत “येऊ द्या, येऊ द्या” करायचे, आणि गाडीवाला निमूटपणे ऐकायचा. अशा माणसाला परदेशात राहणाऱ्या लेकीने फोनवर सांगितलं, “बाबा, या वर्षी तुम्ही दोघं इकडे या. डोंगरातून आठवडाभर सायकलवर फिरू. तुम्ही आणि आई जोडसायकलवर, आम्ही आमच्या सायकलींवर.” त्यांनी बायकोला विचारायच्या आतच होकार देऊन टाकला.

एवढी घाई का केली, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या नजरेच्या बरोब्बर मधोमध एक डाग आला होता. कडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसट व्हायचं. माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि गेलेली नजर परत येणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं होतं. घरी येऊन ते म्हणाले, “चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय.” डोंगर केवढा मोठा असतो, तो मधोमध पुसला गेला तरी कडेने पुरून उरेल, असा त्यांचा हिशेब होता. फक्त तोवर कुणाला कळता कामा नये. कळलं की लेक घाबरणार, तिकिटं रद्द होणार आणि आपण कायमचे गॅलरीत बसणार, ही धास्ती त्यांना रोज पहाटे गजराच्या आधी उठवायची.

तयारी मात्र जोरात होती. त्यांचं गाव असं सपाट, की सांडलेल्या पाण्यानेही कुठे वाहावं याचा विचार करत बसावं. चढ म्हणून काय तो हा एक उड्डाणपूल. सायकलच्या दोन्ही पिशव्यांत टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या विटा भरायच्या आणि पुलावर फेऱ्या मारायच्या. घरी ओटा धरून उठाबशा काढायच्या. बायको हसायची, “शाळेत काढल्या नसतील तेवढ्या आता काढताय.” हृदयाच्या डॉक्टरांनी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवून झाल्यावर सांगितलं होतं, “इंजिन एकदम नवं आहे, साहेब.” हे वाक्य त्यांनी गल्लीत सगळ्यांना ऐकवलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं एकही वाक्य कुणाला ऐकवलं नव्हतं.

पुलाचा माथा आला आणि उतार सुरू झाला. दोन माणसं आणि वर विटा, सायकल म्हणता म्हणता सुसाट सुटली. समोर नेहमीचा मोकळा रस्ता होता, निदान त्यांना तसं वाटलं. रस्त्याच्या मधोमध रोजच्यासारखा एक करडा डाग होता, आणि त्या डागाची आता त्यांना सवय झाली होती.

“अहोऽऽ! थांबा!”

त्यांनी दोन्ही ब्रेक आवळले. मागचं चाक घसरलं, सायकल आडवी झाली आणि तशीच फरफटत जाऊन एका लोखंडी अडथळ्यावर आदळली. डांबराच्या कामासाठी तो कालच तिथे आणून उभा केला होता. कामावरचा मुकादम धावत आला. त्याने आधी बायकोला उठवलं. तिचं कोपर सोललं होतं आणि हेल्मेटला चीर गेली होती.

“काय हो आजोबा, एवढा लालभडक बोर्ड लावलाय. दिसला नाही का?”

ड्रायव्हरसाहेबांच्या तोंडून उत्तर निघून गेलं. “ब्रेक लागला नाही.”

बोलले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. डेपोत हे वाक्य त्यांनी कितीतरी ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकलं होतं. गाडी ठोकली की चौकशीत पहिलं वाक्य हेच. मग वर्कशॉपमधल्या फिटरच्या मानेवर सुरी यायची. तेव्हा हेच ड्रायव्हरसाहेब चारचौघांत म्हणायचे, “नाचता येईना, अंगण वाकडं! स्वतःचं लक्ष नव्हतं म्हणून सांगा की!” आज ते स्वतः रस्त्यात बसून तेच म्हणत होते.

घरी बायकोने स्वतःच कोपर धुतलं, स्वतःच पट्टी बांधली. तिची सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून झाली होती, असल्या कामात तिला कुणाची मदत लागायची नाही. ते नुसते कात्री धरून बाजूला उभे राहिले. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. खड्डा, कुत्रा, पांढरी गाडी. ती टकळी नव्हतीच. ती त्यांना रस्ता सांगत होती, आणि आज आपणच तिला गप्प बसवलं. म्हणजे हिला माहीत आहे? कधीपासून? विचारायची छाती झाली नाही, आणि तीही काही बोलली नाही. सायकल दुरुस्तीला मिस्त्रीकडे गेली.

डोंगरासाठी ही सायकल मिस्त्रीनेच तयार केली होती. चढाला पाय हलके पडावेत म्हणून पुढचं दातेरी चाक लहान बसवलं होतं, टायर नवे, ब्रेकच्या तारा नव्या, रबरं नवी. विमानात घालण्यासाठी ती सुटी करून खोक्यात भरून देणारही तोच. “ब्रेक लागला नाही” हे ऐकून त्याचा चेहरा कसा झाला ते ड्रायव्हरसाहेबांना दिसलं नाही. पण त्याच्या हातातला पाना फरशीवर पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

दोन दिवसांनी मिस्त्रीचा फोन आला. “ड्रायव्हरसाहेब, वहिनींना घेऊन दुकानात या.”

सायकल दुकानाच्या मधोमध उलटी उभी होती. शेजारी वर्तमानपत्रावर जुन्या तारा आणि रबरं मांडून ठेवली होती.

“सगळं खोललं,” मिस्त्री म्हणाला. “तारा पुन्हा बदलल्या, रबरं बदलली. मेव्हण्याला मागे बसवून, तुमच्या विटांसकट पुलावरून खाली आलो. परत गेलो, परत आलो. मेव्हणा म्हणजे तुमच्या दोघांइतका एकटा आहे. तरी दरवेळी सायकल म्हणाल तिथे थांबली.”

“मग झालं तर,” ड्रायव्हरसाहेब उसनं हसले.

“काय झालं? चूक सापडली असती तर बरं झालं असतं. सापडत नाही, म्हणजे माझ्या हातातच काहीतरी बिघडलंय. वहिनींचं डोकं फुटलं असतं, साहेब! काल शाळेतल्या बाई ब्रेक घट्ट करून घ्यायला आल्या होत्या, त्यांना परत पाठवलं. ब्रेकला हात लावायचीच भीती वाटायला लागलीय.” तो जरा थांबला. “हे बघा, मी हात जोडतो. ही सायकल डोंगरात नेऊ नका. न्यायचीच असेल तर दुसऱ्या कुणाला दाखवा. मी खोक्यात भरून देणार नाही.”

अजूनही सुटता आलं असतं. “बरं, दाखवतो दुसरीकडे” म्हणायचं आणि सायकल उचलायची. दुसरा मिस्त्री सांगणार, ब्रेक उत्तम आहे. मग विमान गाठायचं, डोंगर बघायचा. आणि हा माणूस इथे दुकानात आपल्याच हातांकडे संशयाने बघत बसणार. ड्रायव्हरसाहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्याच्या जागी डाग होता आणि डागाखाली जोडलेले दोन काळवंडलेले हात.

“ब्रेक लागला होता,” ते म्हणाले.

“काय?”

“ब्रेक चोख आहे. मीच उशिरा दाबला. तो अडथळा मला दिसलाच नाही. मला समोरचं नीट दिसत नाही, मिस्त्री. बरेच दिवस झाले.”

मिस्त्रीने हात खाली घेतले. त्याला राग आला असणार, आणि आला असला तरी तो रास्तच होता. पण त्याने नुसता एक लांब श्वास सोडला आणि स्टूल पुढे ओढलं. “बसा, साहेब.” बायको दाराशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

“मग परदेश रद्द?” मिस्त्रीने हळूच विचारलं.

आयुष्यात ड्रायव्हरसाहेब कधी कुणाच्या मागे बसले नव्हते. दुसऱ्याच्या गाडीतही पुढची जागा सोडायचे नाहीत.

“पुढची सीट हिच्या उंचीला घ्या,” ते म्हणाले. “मागची माझ्या.”

“अहो, काहीतरीच काय!” बायको गर्रकन वळली. “मला नाही जमायचं. एवढी लांब सायकल, आणि त्यात डोंगर!”

“दवाखान्यात सायकलवरूनच जायचीस ना इतकी वर्षं?”

“तेव्हा मागे कुणी बसलेलं नसायचं.”

“आता मी असेन. मी पायडल मारीन. दुसरं काही करणार नाही.”

“आणि ओरडणार नाही?”

“प्रयत्न करीन.”

मिस्त्रीला हसू आलं. त्याने पाना उचलला आणि आधी पुढची सीट सैल केली.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग रागावली, आणि शेवटी म्हणाली, “आईला फोन द्या. उतारावर ब्रेक कसा धरायचा ते मी तिला सांगते.” तिकिटांचं तिने नावही काढलं नाही.

पुढचे काही दिवस गल्लीतच गेले. नवशिक्या पोरांसारखी दोघं फाटकावर आदळली, एकदा शेजाऱ्यांच्या कुंडीत गेली. ड्रायव्हरसाहेबांच्या ओठांवर शंभरदा सूचना आल्या आणि त्यांनी त्या गिळल्या, निदान बऱ्याचशा. मग एका सकाळी बायको म्हणाली, “आज पूल.”

चढ जमला. माथ्यावर पोचल्यावर ती थांबली नाही, सायकल तशीच पलीकडे उतरू लागली. समोर तिची पाठ होती, पुसट, आणि दोन्ही कडांनी पुलाचे कठडे मागे पळत होते. वेग वाढला. त्यांची बोटं मागच्या हँडलवर ब्रेक शोधू लागली. तिथे ब्रेक नव्हता. ती खड्ड्याजवळ चाललीय की गाडीजवळ, हे कळायला मार्ग नव्हता. ती ब्रेक धरणार आहे की नाही, तेही कळत नव्हतं. सायकल जरा मंदावली, पुन्हा सुटली, पुन्हा मंदावली, आणि एकदाची सपाटीवर येऊन थांबली. बायकोने पाय जमिनीला टेकवला.

“घाबरलात?” तिने मान न वळवता विचारलं.

एरवी ते “छे” म्हणाले असते.

“हो,” ते म्हणाले. “फार.”

“मी रोज घाबरायचे.”

बाजूने एक टेम्पो खडखडत गेला. तो लांब गेल्यावर ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं, “तुला कधी कळलं?”

“नर्स आहे मी. गोळ्यांचं पाकीट वाचता येतं मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“उद्या बोलू, उद्या बोलू करत राहिले. तुम्ही पहाटे उठून त्या विटा टॉवेलात गुंडाळत बसायचात. तुम्हाला तसं बघितलं की माझं तोंडच उघडायचं नाही.” तिने हेल्मेटचा पट्टा सारखा केला. “म्हटलं, मी बघते ना मागून. होईल.”

होईल म्हणत ही बाई रोज पहाटे, हातात ब्रेक नसताना, आपल्या पाठीमागे येऊन बसत होती.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

“माझंही चुकलं. आधीच बोलायला हवं होतं. आता चला, ऊन चढायच्या आत अजून एक फेरी मारू.”

तिने सायकल पुलाकडे वळवली. ड्रायव्हरसाहेबांनी उजवा पाय पायडलवर ठेवला आणि ती “हं” म्हणायची वाट बघत थांबून राहिले.