अण्णांच्या ताटातल्या पाचशे कॅलरी

माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, वजन चार आठवड्यांत दीड किलो उतरलं होतं आणि माझ्या वहीप्रमाणे ते थोडं वाढायला हवं होतं.

वही डॉक्टरांनी सांगितली म्हणून सुरू केली. जानेवारीतल्या न्यूमोनियानंतर अण्णा चौपन्न किलोंवर आले होते. "महिनाभर काय खातात ते लिहून ठेवा," डॉक्टर म्हणाले, "पोटभर खाऊनही वजन उतरत असेल, तर दुसरं काही आहे का ते शोधावं लागेल." दुसरं काही म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझे वडील स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले. त्यांच्या पट्ट्याला घरच्या घरी तीन नवी भोकं पाडून होईपर्यंत आम्हाला काही कळलं नव्हतं, आणि ती भोकं मीच पाडून दिली होती, सुई तापवून.

मी मुलुंडच्या एका औषध कंपनीत केमिस्ट आहे. मोजणं हे माझं रोजचं काम आहे. सकाळी साडेसातला आमच्या नाहूरच्या घरात ओट्यावर काटा मांडायचा, अण्णांचं दुपारचं जेवण वेगळ्या डब्यांत काढायचं, प्रत्येक डबा तोलायचा आणि लिहायचं. भात दोनशे ग्रॅम. दोन चपात्या, तूप लावून. बांगड्याची आमटी, एक उकडलेलं अंडं. दुपारच्या जेवणाच्या साधारण नऊशे कॅलरी. नाश्ता आणि रात्रीचं जेवण माझ्यासमोर व्हायचं. दुपारचं वाढायच्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, आणि संध्याकाळी मी आले की डबे आणि ताट घासून पालथे घातलेले असायचे.

"काय गो अनुपमा, आज बोकडाचा वजन किती भरला?" रविवारी वजनकाट्यावर उभे राहताना अण्णा विचारायचे.

"बावन्न पॉइंट पाच."

"मगे अजून कापूक येवचो नाय."

ते हसायचे. मी हसायचे नाही.

माणसाला त्या वयात, त्या उंचीला, दिवसभर घरात बसून सतराशे कॅलरी पुरतात. मी एकोणीसशे देत होते. एक किलो कमी होतं तेव्हा ढोबळमानाने सात हजार सातशे कॅलरींची तूट असते. दीड किलो, अठ्ठावीस दिवस. म्हणजे रोज चारशेची तूट. देणं दोनशेने जास्त आणि तरी तूट. रोज सहाशे कॅलरी कुठे तरी जात होत्या.

प्रयोगशाळेत असं झालं की आधी स्वतःची चूक शोधायची असते. मी ती आयुष्यात कधी शोधली नव्हती इतक्या आशेने शोधली. काटा पिशवीत घालून कामावर नेला आणि तिथल्या प्रमाणित वजनांवर तपासला. दोन ग्रॅमचाही फरक नव्हता. मग आठवलं, बांगडा मी त्याच्या आतल्या काट्यांसकट तोलत होते. दुसऱ्या दिवशी काटे बाजूला ठेवायला सांगून ते तोलले. मग आठवलं, सोलकढीसाठी मी अख्ख्या खोबऱ्याचं वजन लिहिते, पण चोथा तर टाकून देतो. काटे आणि चोथा मिळून शंभर कमी झाल्या.

पाचशे उरल्या.

"अगं यार, सत्तरी ओलांडलीय त्यांनी," नितेश, माझा नवरा, म्हणाला. "वजन उतरणारच ना. तू आता त्यांची वाट लावशील तोलून तोलून."

"वयाने महिन्यात दीड किलो उतरत नाही."

"मग काय म्हणणं आहे तुझं?"

मी वही मिटली. माझं म्हणणं असं होतं की अन्न पोटात जातंय आणि माणसाला मिळत नाहीये, म्हणजे आत दुसरं कुणी तरी ते खातंय. हे वाक्य नवऱ्याला त्याच्या वडलांबद्दल कसं सांगायचं? डॉक्टरांची तारीख वीस होती. त्या आठवड्यात मी अण्णांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो का ते रोज बघत होते, चहा देण्याच्या निमित्ताने, खिडकीच्या उजेडात.

गुरुवारी कामावर एक यंत्र बंद पडलं आणि आम्हाला अर्ध्या दिवसाने सोडलं. एक वाजता मी किल्लीने दार उघडलं.

अण्णा जमिनीवर, पाटाशेजारी बसले होते. त्यांचं ताट त्यांच्या पुढ्यात नव्हतं, सासूबाईंच्या पुढ्यात होतं. आई खाली मान घालून भराभर जेवत होत्या आणि अण्णा डब्यातली आमटी पळीने त्यांच्या भातावर घालत होते. अंडं ताटात होतं. बांगड्याचा मोठा तुकडाही.

मला बघून आई ताट घेऊन उठायला लागल्या. "अगो, मी आपला उरलासुरला... टाकूक नको म्हणान."

नवऱ्याचं जेवण झालं की त्याच ताटात बायकोने जेवायचं, ही या घरातली जुनी पद्धत. लग्नानंतर आईंनी मलाही सांगून बघितलं होतं. आईंनी ती सोडली नव्हती, हे मला माहीत होतं. पण माझ्या समजुतीने त्या रिकाम्या ताटात जेवत होत्या. मी डबे तोलले, काटे तोलले, चोथा तोलला, आणि ताट कुणापर्यंत जातं ते धरलंच नाही.

अर्धा भात, अर्धी आमटी, एक चपाती, अंडं. मनातल्या मनात बेरीज पाचशेच्या जवळ आली. मी दारातच पिशवी ठेवली आणि मला हसू आलं. मोठ्याने, थांबेना असं. अण्णांना काहीच झालं नव्हतं. ते फक्त जेवत नव्हते.

"हसतंस कित्याक?" अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"अण्णा, तुमचं जेवण तुम्ही जेवायचं. आईंना हवं तर मी वेगळं..."

"तिचा वेगळा जेवण झाला."

"म्हणजे?"

"बारा वाजता जेवली ती. चार चपाती खाल्ल्यान. भात खाल्ल्यान. तरी तिका भूक लागता." ते आईंकडे न बघता बोलत होते. "सारखी लागता. सांगाक लाजता. सून तोलून जेवण ठेवता, आपण काय मागूचा, म्हणता. मगे मी काय करू?"

"अहो, गप ऱ्हवा," आई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"गणपती झाल्यापासून. रातीचा चार खेपे उठता. तांब्यो तांब्यो पाणी पिता." आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुका विचारूचा होता. पण तू माझ्याच पाठी लागललंस."

मी आईंकडे बघितलं. रोज बघत होते, असं मला वाटत होतं. ताट धरलेल्या हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटावर नव्हत्या, घसरून कोपरापाशी गेल्या होत्या. ब्लाउजच्या बाह्यांना टीप घातलेली होती, एकाशेजारी एक, दोन वेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी.

"आई, काट्यावर उभ्या राहा."

"माका काय झालाहा? मी खातंय बरी."

"उभी ऱ्हव," अण्णा म्हणाले.

एकोणचाळीस पॉइंट सहा. मी त्यांना उतरायला सांगितलं, पुन्हा उभं केलं. एकोणचाळीस पॉइंट सहा. कपाटातली त्यांची फाइल काढली. ऑगस्टमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या कागदावर वजन लिहिलं होतं. एक्कावन्न.

अकरा पॉइंट चार किलोंना सात हजार सातशेने गुणायला मला कागद लागत नाही. मी गुणलं नाही. स्वतःचं पूर्ण जेवण, वर अण्णांच्या पाचशे, आणि तरी एवढं. भूक, तहान, वजन. बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षाला हे तीन शब्द मी एका ओळीत लिहिले होते आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते. साखर असेल. साखर असेल तर गोळ्या आहेत, इन्सुलिन आहे. पण या वयात साखर अशी अचानक, वजन उतरवत का येते, याचंही एक उत्तर मला माहीत होतं. माझ्या वडलांची आधी साखरच सापडली होती. आम्ही तेव्हा पेढे बंद केले आणि निश्चिंत झालो.

"काय सांगता तुझी वही?" अण्णांनी विचारलं.

माझ्या वहीत सासूबाईंच्या नावाचं पान नव्हतं.

"रक्त तपासून घेऊ या," मी म्हणाले. "खालच्या रस्त्यावर लॅब आहे. आत्ताच जाऊ. आई, साडी बदलायची गरज नाही, चपला घाला."

अण्णा उठले. त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात, मी लावून दिली.

आई जागच्या हलल्या नाहीत. हातातल्या ताटात थोडा भात होता, त्यावर आमटी, आणि बांगड्याचा तुकडा. त्यांनी एकदा ताटाकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे, परवानगी मागावी तसं.

"एवढा खाऊन घेव काय गो?" त्या म्हणाल्या. "माका भूक लागली हा."

"खा," मी म्हणाले.

त्या खाली बसल्या. अण्णा आणि मी उभे राहून त्यांना जेवताना बघत राहिलो.