कपाट उघडण्याचे तीनशे

"चपला तिकडे, कुंडीजवळ," उत्तमसिंग पवारांनी पायरीकडे बोट दाखवलं.

नलूने चपला उचलून कुंडीजवळ नेऊन ठेवल्या आणि खांद्यावरची कापडी पिशवी सांभाळत ती आत आली. पिशवीतून लोखंडाचा खुळखुळाट झाला. पवार गुरुजींनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पंचेचाळिशीची बाई. बोटं तेलाने काळी पडलेली, नखं तुटलेली, पदर कमरेला खोचलेला. तहसील कचेरीसमोर छत्रीखाली बसून किल्ल्या घासणाऱ्या उकंडाची ही मुलगी. बाप गेल्यावर त्याच छत्रीखाली बसायला लागली. अख्ख्या पांढरकवड्यात कुलूप उघडणारा दुसरा माणूस मिळू नये आणि हिला घरात घ्यावं लागावं, याचाच त्यांना सकाळपासून राग येत होता.

"हे," ते म्हणाले. आतल्या खोलीत भिंतीला लागून आरशाचं लोखंडी कपाट उभं होतं. मुठीभोवतीचा रंग खरवडून निघाला होता. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर घालून पाहिला होता.

"किती घेणार?"

"कपाट उघडलं का तीनशे," नलू म्हणाली. "नवी चाबी लागली तं थिचे वेगळे."

"तीनशे?" गुरुजी हसले. "शिक्षण किती झालंय तुझं?"

"सातवी."

"सातवी. आणि अर्ध्या तासाचे तीनशे."

नलू कपाटासमोर उभी होती, पण तिने मुठीला हात लावला नव्हता, पिशवीही खाली ठेवली नव्हती. आरशाच्या कडेला चिकटवलेल्या चार-पाच जुन्या टिकल्यांकडे ती पाहत होती.

"कपाट कोनाचं हाय, गुरुजी?"

"माझ्या घरात आहे ना? मग कोणाचं असणार?"

"ह्या टिकल्या?"

"माझ्या मंडळींच्या. त्या तांड्यावर गेल्या आहेत, माहेरी."

"मंग त्यायले फोन लावा. त्या हो म्हनल्या का मी उघडतो."

उघडतो. बाईमाणूस असून उघडतो, येतो, करतो. चाळीस वर्षं पोरींच्या वह्यांतून गुरुजींनी हीच क्रियापदं लाल शाईने दुरुस्त केली होती. तांड्यावरून शाळेत येताना त्यांच्या स्वतःच्या तोंडात जी बोली होती ती त्यांनी दहावीच्या आत पुसून टाकली होती, आणि ज्यांना हे जमलं नाही त्यांच्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. घरात बायको जमनाबाईबद्दलही.

"तू तुझं काम कर," ते म्हणाले. "घर माझ्या नावावर आहे. कपाटाचे पैसे मी दिलेत. पावती दाखवू?"

"पावती नाही लागत. बाईचं हो लागते."

"हा काय कायदा आहे?"

"कायदा नाही. मागं एकानं असंच बलावलं होतं. त्याची बायको माहेरी होती. मी उघडून देल्लं. दुसऱ्या दिवशी बाई आली, थिचे दागिने नाही. दोन दिवस ठान्यात बसवलं मले. नवरा म्हने, चाबीवालीलेच माहीत कपाटात काय होतं थे." हे सगळं तिने दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं सांगितलं. "तवापासून मी इचारल्याशिवाय हात लावत नाही."

"मी तुला चोर दिसतो?"

"तो बी दिसत नोता."

गुरुजींचा हात शर्टच्या वरच्या बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. भिंतीवर त्यांच्या सत्काराचे फोटो होते: शाल, नारळ, आदर्श शिक्षक पुरस्काराचं मानचिन्ह. नलूने त्यांपैकी एकाकडेही पाहिलं नव्हतं.

"पाचशे देतो," ते म्हणाले.

नलूने पिशवी खांद्यावर नीट घेतली. "वणीले एक जन हाय. त्याले बलावून पाहा. आज येत नाही तो, उद्या दुपारून येईल."

उद्या दुपारी उपयोग नव्हता. नात उर्वशी मेडिकलला लागली होती, आणि जातपडताळणी समितीपुढे उद्या अकरा वाजता पणजोबांचा दाखला ठेवायचा होता. गुरुजींच्या वडिलांच्या, बापूंच्या नावाचा, एकोणीसशे एकसष्टच्या आधीचा, कापडावर चिकटवलेला तो एकच कागद घराण्यात होता. तो या कपाटात होता. मुलगा भारत तीन दिवसांपासून नागपूरहून फोन करत होता. आईला विचारा ना, बाबा. दर वेळी गुरुजी म्हणत, मी बघतो.

जमनाबाईला जाऊन पाच महिने झाले होते. त्यांच्या पंचाहत्तरीला अंगणात मंडप होता, जुने विद्यार्थी आले होते, भाषणं झाली होती. कुणीतरी म्हणालं, बाईंनीही दोन शब्द बोलावेत. गुरुजींनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, हजारो मुलांना अक्षर शिकवलं, पण या एका विद्यार्थिनीपुढे मी हरलो. अजून अंगठाच आहे. सगळे हसले. जमनाबाईही पदर तोंडाला लावून खाली पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने उष्टी भांडी घासली, अंगण झाडलं, दोन लुगडी पिशवीत घातली आणि अकराच्या एसटीने तांड्यावर गेली. आठवड्याने गुरुजींनी कपाटाची मूठ फिरवून पाहिली. कपाट उघडलं नाही. बाई कुलूप लावून, किल्ली घेऊन गेली, हे त्यांनी त्याच दिवशी शेजारच्या देशकरांना सांगितलं. पुढे कॉलनीत आणखी चार-पाच जणांना सांगितलं. अशिक्षित माणसाचा सूड असा असतो, असंही म्हणाले. फोन मात्र त्यांनी केला नाही. तिचाही आला नाही.

"जाऊ का मंग?" नलूने विचारलं.

"थांब."

त्यांनी खुर्चीवरची धोब्याकडून आलेली कपड्यांची चळत उचलून खाटेवर ठेवली आणि खुर्चीत बसले. मोबाईलवर नंबर शोधायला त्यांना वेळ लागला. रिंग वाजत राहिली. नलू खिडकीबाहेर पाहत उभी होती, ऐकत नाही हे दाखवण्यासाठी.

"बोला," पलीकडून आवाज आला. मागे बायकांची बोलणी होती. निंदण चाललं असावं.

"कपाट उघडायचं आहे," गुरुजी म्हणाले. "चाबीवाली आली आहे. ती तुझं हो मागते. हो म्हण."

"कोनतं कपाट?"

"घरात कपाटं किती आहेत?"



"चाबीवाली कायले आनली?"

"तू कुलूप लावून गेलीस म्हणून. उर्वशीचं काम आहे. बापूंचा दाखला पाहिजे उद्या."

फोन कट झाला असं वाटून गुरुजींनी तो कानावरून काढून पाहिला. मग त्यांना तिचा आवाज ऐकू आला. रागावलेला नव्हता. थकलेलाही नव्हता. दुकानात एखादी वस्तू मागावी तसा होता.

"त्या बाईले द्या फोन."

"मला सांग काय ते."

"त्या बाईले द्या."

गुरुजींनी फोन पुढे केला. नलूने हात पदराला पुसून तो घेतला. "हो," ती म्हणाली. "हो, नलू. उकंडाची. हो माय." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. एकदा तिने कपाटाच्या पायथ्याशी वाकून पाहिलं. एकदा गुरुजींकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "बरं," ती म्हणाली, "बरं, सांगतो," आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला. पलीकडे कोणी नव्हतं.

नलूने पिशवी उघडलीच नाही. ती कपाटासमोर गेली, उजवा गुडघा खालच्या कोपऱ्याला टेकवला, मूठ दोन्ही हातांनी वर उचलली आणि ओढली. एक करकर झाली आणि दार उघडलं. डांबरगोळ्यांचा वास खोलीत आला.

"कुलूप नोतंच," ती म्हणाली. "चाबी अकरा वर्सापासून हरपली हाय म्हने. पल्ला खाली बसला, म्हनून अटकते. गुडघा लावून मूठ उचला लागते."

गुरुजी खुर्चीतून उठले नव्हते.

"पिवळ्या दोऱ्याची थैली," नलू म्हणाली. "खालून दुसऱ्या खनात. थिच्यात हाय म्हने दाखला. निळ्या दोऱ्याची तुमच्या पेन्शनीची. हिरव्या दोऱ्याची घराची. लाल उघडू नका म्हनल्या, थे त्यायची सोताची हाय."

ते उठून कपाटाजवळ गेले. कागदांच्या सात-आठ कापडी थैल्या एकाखाली एक रचलेल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडाला वेगळ्या रंगाचा दोरा. कुठेही नाव लिहिलेलं नव्हतं. आजवर पेन्शनचा कागद पाहिजे म्हटलं की पेन्शनचा कागद त्यांच्या हातात येत असे. तो कुठून येतो, कसा ओळखला जातो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी पिवळा दोरा सोडला. वरच बापूंचा दाखला होता, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, कोपऱ्यांना नवं कापड लावलेला.

नलू दारात उभी होती.

"तीनशे," ती म्हणाली.

"कसले तीनशे? कुलूप नव्हतं ना? हत्यार तरी काढलंस का?"

"कपाट उघडलं का तीनशे, असं ठरलं होतं. उघडलं."

"फोनवर विचारून उघडलंस. ते मलाही विचारता आलं असतं."

"हो," नलू म्हणाली. "आलं असतं."

गुरुजींनी पाकीट काढलं. नोटा तिच्या हातात न देता खाटेच्या कडेवर ठेवल्या. तिने त्या उचलून कमरेला खोचल्या.

"हे बघ," ते दाराशी येऊन हळू आवाजात म्हणाले. "बाहेर बोलू नकोस कुठे."

"काय बोलू नको?"

गुरुजींनी फाटकापलीकडे नजर टाकली. ती कुंडीजवळच्या चपला पायात घालून फाटकाबाहेर पडली. समोर देशकर झाडांना पाणी घालत होते. "उघडलं का, गुरुजी?" त्यांनी विचारलं. "हो," गुरुजी म्हणाले. "आणावीच लागली शेवटी चाबीवाली. काय करता?" आत येऊन त्यांनी कपाट लावून घेतलं.

सकाळी साडेसातला भारत गाडी घेऊन आला. दाखला हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिला, मोबाईलवर फोटो काढला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. गुरुजी तयार होऊन बसले होते.

"मिळाला एकदाचा," भारत म्हणाला. "कुठे होता?"

"कपाटात. सोपं नव्हतं. तुझी आई काही सोय ठेवून गेली नव्हती. चाबीवाली आणली काल, तीनशे मोजले तेव्हा—"

भारत ऐकत ऐकतच आतल्या खोलीत गेला होता. "आईची शाल घेतो," तो तिथूनच म्हणाला. "वाटेत तांड्यावर थांबू. ती येतेय आपल्याबरोबर, उर्वशीने सांगितलंय तिला यायला." कानाला फोन लावून, कुणाशी तरी बोलत, कपाटाकडे न पाहताच त्याने गुडघा टेकवला, मूठ उचलली आणि दार उघडलं. शाल काढली. पायाने दार लोटून दिलं. मग फोन खाली घेऊन म्हणाला, "काय म्हणत होतात? चाबीवाली कशाला?"

गुरुजी दाखल्याची पिशवी नीट करत होते.

"काही नाही," ते म्हणाले. "तू हो पुढे. मी येतो."

भारत बाहेर गेला. गाडीचं दार वाजलं. गुरुजी आतल्या खोलीत आले. खिडकीतून कुणी पाहत नाही ना हे त्यांनी पाहिलं, धोतराचा सोगा सावरला आणि उजवा गुडघा कपाटाच्या कोपऱ्याला लावला. मूठ उचलली. ओढली. दार हललं नाही. त्यांनी गुडघा थोडा वर घेतला, पुन्हा ओढलं. मग डावा गुडघा लावून पाहिला.

बाहेर भारतने हॉर्न वाजवला.