चक्कीकडे जायचा रस्ता स्वयंपाकघरातून

आमच्या चक्कीवर यायचं तर आधी चपला काढाव्या लागतात. मग माझं स्वयंपाकघर, ओटा, फ्रिज, आणि त्यानंतर मागची खोली. असं का, ते सांगते. सांगता सांगता माझा पारा चढला तर चढू द्या.

आमच्या ह्या अवधपुरी कॉलनीत ही चक्की सासऱ्यांनी घातली, आम्ही ग्वाल्हेरहून इकडे आलो तेव्हा. खाली चक्की, मागे आणि वर घर. दोन दगड आणि एक पट्टा, एवढंच तिचं यंत्र. बाई डबा घेऊन यायची, आपला गहू आपल्या डोळ्यांदेखत ओतून घ्यायची आणि पीठ पडेपर्यंत तिथंच उभी राहायची. "आधी काय दळलं होतं?" हे विचारल्याशिवाय एक बाई गहू ओतू देत नसे. चण्यावरचा गहू कोणालाच नको. एकादशीच्या आदल्या दिवशी चक्की झाडूनपुसून फक्त राजगिरा आणि भगर. आमचा धंदा बायकांच्या ह्या कटकटीवरच चालला होता. गल्ल्यावर तीस वर्षं बसून आमच्या ह्यांना तेवढंच कळलं नाही.

हे म्हणजे विश्वनाथ, माझे यजमान. गोविंदपुऱ्यात यंत्रांचं प्रदर्शन होतं. गेले होते पट्टा आणायला, आणले एका नव्या मशीनचे रंगीत कागद. सगळं बंद, सगळं स्टीलचं, पुढे पडदा, बोट लावलं की चालू. किती दळलं ते फोनवर कळणार. किंमत बारा लाख. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं मी तोंडावर म्हटलं. साकेत नगरच्या सगळ्या मेस आपल्याकडे येतील म्हणाले. बँकेच्या कर्जाला हमीदार म्हणून माझी सही घेतली. काय लिहिलंय ते वाचून तरी दाखवा म्हटलं, तर म्हणाले, "शकुंतला, मागे रांग आहे." मी सही केली. मूर्खपणा एकट्यानं थोडाच होतो.

मशीन दारातून येईना. मग वरच्या खोलीला टेकू देऊन पुढची भिंत पाडली, मशीन आत घेतलं, सिमेंटमध्ये बसवलं आणि पुन्हा भिंत बांधली. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मशीनच. जुनी चक्की त्याच्या मागे कोंडली गेली. ती भंगारात द्यायला निघाले होते, तेव्हा मी म्हटलं, आधी मला भंगारात द्या. म्हणून ती राहिली.

आता ऐका. ह्या मशीनला एका वेळी तीस किलो तरी लागतं. घरचा डबा असतो दहा किलोचा. मग ह्यांनी काय करावं, तर तीन घरांचे गहू एकत्र ओतले आणि पीठ सारखं वाटून दिलं. गल्लीतल्या अश्विनी वहिनींनी पीठ चिमटीत धरून पाहिलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "माझा सीहोरचा शरबती गहू होता, भावजी. हे कोणाचं आहे?" महिन्याभरात कॉलनी दुसऱ्या चक्कीवर गेली. मेसवाले तर आधीपासून तयार पिठाची पोतीच घेतात, ते विचारायला कोणी गेलंच नव्हतं. पडदा मात्र रोज सकाळी 'आपका स्वागत है' म्हणतो.

विकायला काढलं. जुन्या यंत्रांचा व्यापारी आला, त्यानं मशीन बघितलं, मग भिंत बघितली, मग वर बघितलं. वरच्या खोलीचा भार त्याच भिंतीवर, आणि पुन्हा टेकू लावून ती पाडायला आमच्याकडे पैसे नव्हते. "भिंत तुम्ही पाडून द्या, मशीन मी नेतो," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. ठेवता येईना, काढता येईना, आणि हप्ता दर पाच तारखेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. हे दिवसभर मशीनपुढे खुर्ची टाकून बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी घासायला बसायची.

शेवटी मीच म्हटलं, जुनी सुरू करते. आमचा जुना कारागीर मनोहर रविवारी आला, झिजलेल्या दगडांना टाकी लावून नव्या खाचा पाडून दिल्या, पैसे घेतले नाहीत. पण पुढून वाट कुठे होती? मग बायका माझ्या स्वयंपाकघरातून आत यायला लागल्या. पहिल्या अश्विनी वहिनी. त्या माझ्या कढईत डोकावल्या, मग चक्कीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आधी काय दळलं?" मला रडूच आलं. त्यांना वाटलं, पीठ डोळ्यांत गेलं.

तीन महिन्यांत बावीस घरं परत आली. डबे ओट्याला अडायचे, म्हणून मी ओट्याची कड फोडून चक्कीच्या खोलीत जायचं दार हातभर अधिक रुंद करून घेतलं. हे झाडू घेऊन पीठ गोळा करायला लागले. ही चक्की चालू राहिली तर आम्ही तगणार होतो, एवढं साधं होतं ते.

मोठ्या मशीनचे हप्ते मात्र थकलेच. परवा बँकेचा माणूस आला. मी म्हटलं, न्या बाबा ते धूड, आमची सुटका करा. त्यानं मशीनचे फोटो काढले. मग चपला काढून स्वयंपाकघरातून मागे आला आणि जुन्या चक्कीचेही काढले.

"ही सासऱ्यांची आहे," मी म्हटलं. "कर्जाच्या आधीची."

त्यानं कागद पुढे केला. "आंटीजी, लिखा है, दुकान की सारी मशीनें, पुरानी भी. साइन आपके हैं."

सही माझीच होती. हे भिंतीला टेकून खाली बसले. चक्कीत अश्विनी वहिनींचा गहू अर्धा दळून झाला होता, पट्टा चालू होता, आणि वहिनी डबा धरून तशाच उभ्या होत्या.

तो माणूस वाईट नव्हता. हप्ते भरायला पंधरा दिवस आहेत म्हणाला, नाही भरले तर जप्ती. मोठं मशीन काढायला भिंत पाडावी लागेल, त्याला वेळ लागेल, तोवर ही तरी नेऊ. मग त्यानं खिशातून टेप काढला आणि माझं दार मोजलं. एक टोक धरायला त्यानं मला सांगितलं, आणि मी धरलं.

"निकल जाएगी," तो म्हणाला. "अच्छा हुआ आपने चौड़ा करवा लिया."