बिनदोऱ्याच्या बाटलीतलं तेल

मी एक जुनी पितळी कुपी आहे, तुमच्या करंगळीएवढी, आट्यांच्या झाकणाची. मित्रांनो, आज मी सातासमुद्रापलीकडच्या सॅनपीटच्या दरीत विल्डाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी आहे. मी रिकामी आहे. पूर्वी माझ्यात तेल असे, आणि त्या तेलासाठी माणसं बर्फ तुडवत दारी येत.

मला नील्स थोरुप यांनी घडवलं. ते रेल्वेच्या कारखान्यात लेथवर काम करत. एका मोडक्या व्हॉल्व्हचं पितळ कातून त्यांनी मला आकार दिला, कारण त्यांचा मुलगा एल्डन एल्डर होणार होता. इथल्या लोकांच्या ख्रिस्ती पंथात पगारी पुजारी नसतो. गवळी, सुतार, शाळामास्तर यांच्याच डोक्यावर हात ठेवून त्यांना याजकपद देतात आणि ते पायरीपायरीने वाढत जातं. बाराव्या वर्षी मुलगा डीकन होतो आणि रविवारी पावाचं ताट बाकाबाकांतून फिरवतो. चौदाव्या वर्षी तो शिक्षक होतो आणि ते ताट मांडतो. सोळाव्या वर्षी याजक होऊन त्या पावावर गुडघे टेकून प्रार्थना म्हणतो. आजाऱ्याच्या डोक्याला तेल लावायचं काम मात्र त्याहून वरच्या पायरीवरच्या एल्डरचंच.

माझी कड घासता घासता नील्स एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आणि हसत. पावावरची प्रार्थना शब्दाला शब्द अचूक लागते. एखादा शब्द चुकला, तर मंडळीचे प्रमुख, म्हणजे बिशप, नुसती मान हलवतात आणि मुलगा ती पहिल्यापासून म्हणतो. सोळाव्या वर्षी एल्डन तीनदा चुकला होता. त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसलेला त्याचा दोस्त लमार ओठ चावून हसू दाबत होता, आणि एल्डनचे कान लालभडक झाले होते. सगळी मंडळी घरी जाऊन ते विसरली. एल्डन विसरला नाही. चारचौघांत "पुन्हा म्हण" ऐकावं लागण्याची त्याने जी धास्ती घेतली, ती माझ्याबरोबरच त्याच्या खिशात राहिली.

पुढे लमारने एल्डनच्या बहिणीशी, विल्डाशी लग्न केलं. दोघे मेहुणे जोडीनेच आजाऱ्यांकडे जात, कारण या कामाला दोन एल्डर लागतात. एक जण तेलाचं बोट डोक्याला लावून दोन वाक्यं बोलतो. दुसरा त्यावर शिक्कामोर्तब करतो, म्हणजे डोक्यावर हात ठेवून जे त्याच्या मनात उतरेल ते बोलतो. कधी तो म्हणतो, ऊठ आणि बरा हो. कधी म्हणतो, देवाच्या घरी सुखाने जा. एल्डन तेल लावी, लमार बोले. "हा माखतो, मी बडबडतो," असं लमार सगळ्यांना सांगत फिरे. अठरा वर्षं ती जोडी फिरली. तापातली बाळं, बाळंतिणी, घोड्याने लाथ मारलेला लोहार, सगळ्यांकडे मी गेले. कोणी बरं झालं की लोक एल्डनचा हात धरत आणि मला उगाच फुगल्यासारखं वाटे.

माझ्यात भरायचं तेल साधंच असतं, बाजारात मिळतं ते ऑलिव्हचं. बाटली उघडी धरून एल्डर तिच्यावर प्रार्थना म्हणतो, मग ते स्वयंपाकाचं राहत नाही. एल्डनची बायको थेरा अशा बाटलीच्या गळ्यात पांढरा दोरा बांधून ती वेगळी ठेवी.

एका ऑगस्टमध्ये एल्डन नवी बाटली उघडून टेबलाशी उभा राहिला, तोच बाहेरून हाक आली की पाटाला पाणी आलं. आमच्या दरीत पाण्याच्या पाळ्या घड्याळावर चालतात. पाळी चुकली की आठ दिवस शेत तहानलेलं राहतं. त्याने बाटली खाली ठेवली, फावडं उचललं आणि तो धावला. प्रार्थना राहिली. थेराला टेबलावर बाटली दिसली, तिने मला भरून टाकलं आणि दोरा मागाहून बांधू म्हणून तीही विसरली. मला सगळं ठाऊक होतं. पण मित्रांनो, कुपीला तोंड असतं ते फक्त तेल ओतण्यापुरतं.

त्या जानेवारीत लमार आणि विल्डाची सात वर्षांची आर्डिस पोट धरून पडली. रविवारची दुपार होती. दोन दिवस बर्फ कोसळत होतं आणि गावातला डॉक्टर पलीकडच्या गावी अडकला होता. आमच्या दरीतल्या सगळ्या मंडळ्यांचे अध्यक्ष, ब्रदर योर्गेन्सेन, चाकांना साखळ्या लावून आपली गाडी घेऊन आले. चाळीस मैलांवरच्या इस्पितळात पोहोचायला चार तास लागतील, वाटेत अडकलो तर पोर गारठून जाईल, पण मी न्यायला तयार आहे, असं त्यांनी सांगितलं. लमार म्हणाला की आधी तेल लावू, मग निघू. एल्डनला बिशप करायचं अध्यक्षांनी त्याच आठवड्यात ठरवलं होतं, आणि हे एल्डनला माहीत होतं.

आर्डिसचं कपाळ घामाने ओलं होतं. "मामा, गार आहे का ते तेल?" तिने विचारलं.

एल्डनने माझं झाकण फिरवलं आणि तो थांबला. कपाटातली बिनदोऱ्याची बाटली आदल्याच आठवड्यात त्याच्या नजरेला पडली होती. आता त्याला तो ऑगस्ट आठवला, ती हाक आठवली, फावडं आठवलं. "जरा थांबा, या तेलावर प्रार्थना राहिली आहे," एवढंच म्हणायचं होतं. अध्यक्षांच्या किल्ल्यांच्या जुडग्यालाही एक कुपी होती, दोन पावलांवर. पण सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने लमारकडे पाहिलं, मान खाली घातली आणि तेल लावलं.

लमारने तिच्या डोक्यावर हात ठेवले. मग त्याने लेकीला देवाच्या हवाली केलं. बरी होशील, असं म्हणालाच नाही. लमारने दारापर्यंत जाऊन अध्यक्षांना काहीतरी सांगितलं. गाडी निघालीच नाही. मंगळवारी सकाळी आर्डिस गेली.

पुढच्या रविवारी एल्डन बिशप झाला. त्याने नवी कुपी घेतली आणि मला जुन्या पट्ट्यांच्या खणात टाकलं. तिथे मी तीस वर्षं काढली. तेल चिकट झालं, आटे हिरवे पडले. थेरा पाहुण्यांना कौतुकाने सांगे ते मला खणात ऐकू येई. कोणा मुलाचा प्रार्थनेत शब्द चुकला तर आमचे बिशप किती मायेने मान हलवतात, म्हणे. बाहेर येऊन त्या पोराच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवतात, म्हणे. हे ऐकलं की मला त्या माणसाची दया येई, आणि त्याचा रागही येई.

मग लमारच्या फुप्फुसांनी हात टेकले. त्याने निरोप धाडला की एल्डनने यावं आणि ती जुनीच कुपी आणावी. एल्डनने मला बाहेर काढलं, पकडीने झाकण सैल केलं आणि लमारच्या खाटेपाशी बसला. झाकण उघडलं, आणि त्याचा हात पुन्हा थांबला.

लमार हळूच हसला. "अस्साच थांबला होतास तेव्हा."

"केव्हा?"

"आर्डिसच्या वेळी. झाकण उघडलंस, माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. मी ओळखलं. म्हटलं, याला वरून कळलंय, पोर राहत नाही. नाहीतर मी तिला मोकळं केलं नसतं रे. ब्रदर योर्गेन्सेनना म्हटलं, चाकांच्या साखळ्या काढा, तिला आता रस्त्यावर त्रास नको. विल्डा वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मी तिला एकच सांगत राहिलो, तुझ्या भावाला ठाऊक होतं."

मित्रांनो, तीस वर्षं एल्डनला वाटत होतं की तेलाने दगा दिला. तेलाने काहीच केलं नव्हतं. त्याने खालच्या आवाजात सगळं सांगितलं, पाण्याची पाळी, बाटली, दोरा, आणि लाज.

लमारने विचारलं, "प्रार्थना म्हणायला किती वेळ लागला असता?"

"एक मिनिट."

"मी दिलं असतं, एल्डन. दहा दिली असती." त्याला धाप लागली. ती उतरल्यावर तो म्हणाला, "झाकण लाव. विल्डा स्वयंपाकघरात आहे. तिला तू सांग. माझ्याच्याने होणार नाही."

विल्डाबाई पीच सोलत होत्या. तेल लावून झालं का, असं त्यांनी मान वर न करता विचारलं. एल्डनने उभ्याउभ्याच सांगितलं, मला मुठीत घट्ट धरून. सुरी थांबली.

"मी गाडीत घोंगड्या टाकल्या होत्या," विल्डाबाई म्हणाल्या. "उशीपण टाकली होती. नंतर मीच जाऊन काढून आणली."

त्यांनी एल्डनची मूठ उघडून मला घेतलं. तेल मोरीत ओतलं, कढत पाण्याने मला धुतलं, पुसलं आणि इथे खिडकीत ठेवलं. लमारला शेवटी गावातल्या दोन तरुण एल्डरांनी तेल लावलं. तो चार दिवसांनी गेला. एल्डन अजून दर रविवारी जेवणानंतर येतो, या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसतो, या पंथात कॉफी पीत नाहीत म्हणून गरम दूध पितो आणि जातो. विल्डाबाई त्याला दूध देतात. बोलत नाहीत.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी तुम्हाला म्हणणार नाही, पितळ काय, काळं पडतं आणि पुन्हा उजळतं. माझी विनंती वेगळी आहे. कधी तुमच्या हातात असं एखादं झाकण असेल, काहीतरी राहून गेल्याचं अचानक आठवेल आणि सगळे तुमच्याकडे बघत असतील, तर तोंड उघडा. कान लाल होतील, होऊ द्या. "माझं चुकलं, पुन्हा म्हणतो" एवढंच म्हणा. या खिडकीतून अंगण दिसतं. ती गाडी साखळ्या लावून तिथेच उभी होती.